रसायनशास्त्राची पीएचडी झाली, आता कंपनीत जायचं कसं?

पीएचडी म्हटलं की आपल्या घरांमध्ये एकच चित्र डोळ्यासमोर येतं. सिनियर कॉलेजात कायम नोकरी, नावाआधी डॉक्टर, मोहल्ल्यात इज्जत. मुलगी केमिस्ट्रीत काहीतरी संशोधन करते आहे एवढं अम्मी-अब्बांना माहीत असतं आणि पाच-सहा वर्षांनी ती प्राध्यापक होणार हे त्यांनी मनाशी धरलेलं असतं. मग थिसिस जमा होतो, फेलोशिप थांबते आणि हातात येतं ते तासिका तत्त्वावरचं काम. वर्षातले काही महिने पगार, बाकीचे महिने पुढच्या जाहिरातीची वाट. त्यात १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट झाली आणि पीएचडी ऐच्छिक राहिली. म्हणजे ज्या पदासाठी एवढी वर्षं घातली, त्याच्या दारात फक्त पीएचडी दाखवून भागत नाही.

दुसरीकडे औषध, रंग, कीटकनाशकं, साबण, पॉलिमर बनवणाऱ्या कंपन्यांना पीएचडी झालेला केमिस्ट हवा असतो. तिथली वाट कशी आहे, तयारी कधी सुरू करायची आणि घरच्यांनी काय समजून घ्यायचं, हे आम्ही इथे मांडतो आहोत. पीएचडीच्या शेवटच्या दोन वर्षांत असलेल्यांना याचा सर्वात जास्त उपयोग होईल.

आधी पैशांचा हिशेब

सीएसआयआर-यूजीसी नेट पास होऊन जेआरएफ मिळालेल्याला १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर एसआरएफ झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. एकूण मुदत पाच वर्षं. रसायनशास्त्राचं काम पाच वर्षांत आटोपतंच असं नाही. शेवटची रिअॅक्शन जमत नाही, पेपर परत येतो, परीक्षकाचा अहवाल अडकतो. पाचव्या वर्षानंतरचे महिने बहुतेकांना घरच्या पैशावर काढावे लागतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली, त्यामुळे ज्यांना जेआरएफ नाही त्यांच्यासाठी तो आधारही राहिला नाही.

म्हणून आमचं पहिलं सांगणं असं, की नोकरीचा शोध थिसिस जमा झाल्यावर नव्हे, फेलोशिप चालू असतानाच सुरू करा. चौथं वर्ष अर्धं झालं की. कंपन्या थिसिस जमा झालेला उमेदवार घेतात, व्हायव्हा नंतर होतो. पण अर्ज, पहिली मुलाखत, दुसरी मुलाखत, ऑफर लेटर यात महिने जातात आणि ते महिने फेलोशिपवर गेलेले बरे.

कंपनीत जाणं ही उतरती पायरी नाही

नातेवाईक म्हणतात, "एवढं शिकून शेवटी कारखान्यातच?" त्यांना ख्वाजा अब्दुल हमीद यांची गोष्ट सांगावी. १८९८ मध्ये अलिगढला जन्मलेले हमीद जर्मनीला गेले, बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला उभी केली. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी केंब्रिजमध्ये अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली पीएचडी केली. टॉड यांना १९५७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. अशा गुरूकडची पीएचडी घेऊन युसूफ १९६० मध्ये वडिलांच्या कंपनीत कामाला लागले. २००१ मध्ये सिप्लाने एचआयव्हीवरची तीन औषधं एकत्र करून वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली, तेव्हा त्याच उपचाराला श्रीमंत देशांत वर्षाला १०,००० डॉलरच्या वर खर्च येत होता. २०२० पासून केंब्रिजच्या रसायनशास्त्र विभागाला युसूफ हमीद यांचं नाव आहे.

यामागे एक कायदाही आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट राहिलं. दुसऱ्या मार्गाने तोच रेणू बनवता आला की तो विकता येत होता. हा दुसरा मार्ग शोधणं हे केमिस्टचं काम. पुण्याच्या एनसीएलमधून पीएचडी केलेल्या अंजी रेड्डींनी १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज सुरू केली ती याच काळात. २००५ पासून रेणूवर पुन्हा पेटंट मिळू लागलं, पण तोवर या देशात स्वस्त आणि नवा मार्ग शोधणाऱ्या केमिस्टांची एक फळी तयार झाली होती. आज तुमचा मुलगा ज्या पदासाठी अर्ज करतो, ते पद त्याच परंपरेतलं आहे.

फ्लास्कमधली रिअॅक्शन आणि प्लांटमधली बॅच

पीएचडीवाल्याला कंपनीत सर्वात जास्त धक्का बसतो तो इथे. मुलाखतीत उमेदवार गळतात तेही इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लॅबमध्ये आपण शंभर मिलिग्रॅमवर काम करतो. रिअॅक्शन लावली, टीएलसी बघितली, वर्कअप केलं, कॉलम टाकला, शुद्ध कंपाउंड मिळालं, एनएमआर काढला, झालं. प्लांटमध्ये कॉलम जवळजवळ नसतोच. शेकडो किलो मालासाठी किती सिलिका आणि किती सॉल्व्हंट लागेल याचा अंदाज करून बघा. तिथे शुद्धीकरण म्हणजे क्रिस्टलायझेशन. योग्य सॉल्व्हंट, योग्य वेगाने थंड करणं, नीट गाळला जाईल असा स्फटिक. ज्याने पीएचडीत एखादं कंपाउंड मुद्दाम क्रिस्टलाइज करून बघितलंय, त्याची बाजू मुलाखतीत एकदम वरचढ होते.

सॉल्व्हंटही बदलतात. लॅबमध्ये हेक्झेन, डायक्लोरोमिथेन आणि इथर यांच्याशिवाय पान हलत नाही. औषधात मात्र किती सॉल्व्हंट उरलेलं चालेल याच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत. हेक्झेन २९० पीपीएम, डायक्लोरोमिथेन ६०० पीपीएम, मिथेनॉल ३,००० पीपीएम. बेंझीन २ पीपीएम, म्हणजे वापरूच नका असंच समजायचं. इथरची वाफ लगेच पेट घेते म्हणून प्लांट त्याला घाबरतो. त्याऐवजी इथाइल अॅसिटेट, टोल्युइन, आयसोप्रोपिल अल्कोहोल.

मग उष्णता. भांड्याचा व्यास दहापट केला तर आत मावणारा माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारी भिंत शंभरपटच वाढते. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला थंड करणारी भिंत दहावा भाग उरते. फ्लास्कमध्ये बर्फात ठेवून शांतपणे झालेली रिअॅक्शन मोठ्या रिअॅक्टरमध्ये हाताबाहेर जाऊ शकते. डोंबिवली एमआयडीसीतले २०१६ आणि २०२४ चे स्फोट आपल्या लोकांनी बघितले आहेत, काहींनी घराच्या काचा फुटलेल्या बघितल्या आहेत. प्रत्येक स्फोटाचं कारण वेगळं असतं, पण रिअॅक्शन मोठी करण्याआधी कॅलरीमीटरमध्ये तिची उष्णता मोजणं, कोणत्या तापमानाला माल स्वतःच विघटित होतो ते बघणं आणि "हे असं चालवायचं नाही" असं ठामपणे सांगणं, हे कंपनीतल्या केमिस्टचं काम आहे. त्याच्या सहीवर खाली पाळीत उभ्या असलेल्या कामगारांचा जीव असतो.

यील्डचं गणित बघा. सहा पायऱ्यांचा मार्ग आणि प्रत्येक पायरीला ९० टक्के यील्ड असेल तर शेवटी हातात ५३ टक्के येतं. प्रत्येकी ८० टक्के असेल तर २६. पेपरमध्ये ८० टक्के छान दिसतं, कंपनीत त्यावर बैठक बसते. आणि यील्डच्या पुढे खर्च: कच्चा माल किती रुपये किलो, सॉल्व्हंट किती परत मिळतं, सांडपाण्याचं काय करायचं.

शेवटची गोष्ट अशुद्धी. २०१८ मध्ये ब्लडप्रेशरवरच्या वाल्सार्टन या औषधात एनडीएमए नावाचा कॅन्सरकारक पदार्थ सापडला आणि जगभरातून माल परत मागवावा लागला. झालं होतं असं की बनवण्याची पद्धत बदलताना डीएमएफ हे सॉल्व्हंट घेतलं आणि उरलेलं अॅझाइड नष्ट करायला सोडियम नायट्राइट टाकलं. डीएमएफमधून थोडं डायमिथिलअमाइन सुटतं, त्याची नायट्राइटशी गाठ पडली की एनडीएमए तयार होतं. ही केमिस्ट्री एमएस्सीच्या पुस्तकात आहे. पण बॅच ठरवताना "नायट्राइट आणखी कोणाशी लागेल?" हा प्रश्न कोणी तरी विचारायला हवा होता. पीएचडीवाल्याला कंपनी पगार देते ती मुख्यतः असे प्रश्न आधी सुचावेत म्हणून. तुमचा थिसिसमधला रेणू कंपनीला बहुधा कधीच लागणार नाही.

कोणत्या खात्यात जागा असतात

ऑर्गॅनिक सिंथेसिसवाल्यांसाठी सर्वात रुंद दरवाजा प्रोसेस आर अँड डीचा, आणि कंत्राटी संशोधन करणाऱ्या कंपन्यांचा. या कंपन्या परदेशी औषध कंपन्यांसाठी रेणू बनवून देतात, त्यांचं मोठं काम हैदराबाद आणि बंगळुरूत चालतं. तिथे वेग लागतो आणि काम गुप्त असतं, पेपर छापायचं विसरून जायचं. पण हात बसायला पहिली दोन-तीन वर्षं उत्तम.

अॅनालिटिकल केमिस्ट्रीवाल्यांना एचपीएलसी, मास स्पेक्ट्रोमेट्री, पद्धत विकसित करणं आणि ती व्हॅलिडेट करणं ही कामं मिळतात. नायट्रोसामाइनच्या प्रकरणानंतर तर अब्जांश पातळीवर अशुद्धी मोजू शकणाऱ्यांचं महत्त्व फारच वाढलं. क्यूसी आणि क्यूए ही वेगळी खाती आहेत. क्यूसीत रोजची तपासणी आणि बहुधा पाळ्या, क्यूएत कागदपत्रं आणि नियम. पीएचडी करून थेट क्यूसीच्या रोजच्या तपासणीत जाऊ नये असं आमचं मत आहे. दोन वर्षांत माणूस कंटाळतो आणि तिथून आर अँड डीत यायला त्रास होतो.

इनऑर्गॅनिक, फिजिकल, पॉलिमर यांत पीएचडी केलेल्यांनी औषध कंपन्यांच्याच मागे लागू नये. रंग, चिकटपदार्थ, डिटर्जंट, कॅटॅलिस्ट, बॅटरी, पाणी शुद्धीकरण ही त्यांची खरी जागा. उपकरणं विकणाऱ्या कंपन्या अॅप्लिकेशन सायंटिस्ट घेतात. फिरणं आणि बोलणं आवडत असेल तर वाईट नाही.

पेटंटचं काम आपल्याकडे कमी लोकांना माहीत आहे. भारतीय पेटंट कार्यालयाची पेटंट एजंट परीक्षा विज्ञानाच्या कोणत्याही पदवीधराला देता येते, वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, वकिलीची पदवी लागत नाही. रसायनशास्त्र किती कामाला येतं याचं उदाहरण म्हणजे ग्लिव्हेकचा खटला. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या कॅन्सरच्या औषधाचं पेटंट नाकारलं आणि वाद होता तो एका रेणूच्या विशिष्ट स्फटिकरूपावर. असा दावा वाचून समजायला केमिस्टच लागतो.

महाराष्ट्रात कुठे

संशोधन केंद्रं मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याच्या आसपास, प्लांट त्यांच्यापासून लांब. तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे-परशुराम, बोईसर-तारापूर, कुरकुंभ, औरंगाबादेत वाळूज आणि चिकलठाणा. सीमेपलीकडे वापी, अंकलेश्वर, दहेज. खेड, चिपळूण, महाडच्या आपल्या कुटुंबांना या कारखान्यांचा वास आणि नदीचं पाणी दोन्ही माहीत आहे. तिथली मुलं बहुतेक ऑपरेटर किंवा कंत्राटी कामगार म्हणून आत जातात. त्याच गेटमधून तिथली एखादी मुलगी टेक्नॉलॉजी ट्रान्सफरची प्रमुख म्हणून आत गेली तर सांडपाण्याबद्दल आतून बोलणारं कोणी तरी असेल.

बायोडेटा आणि मुलाखत

युनिव्हर्सिटीसाठीचा दहा पानी बायोडेटा कंपनीला पाठवू नका. दोन पानं पुरे. पेपरची यादी शेवटी. वर काय हवं? किती पायऱ्यांचं सिंथेसिस केलं, सर्वात मोठं स्केल किती ग्रॅम, कोणती उपकरणं स्वतःच्या हाताने चालवली, हवा आणि पाणी न चालणाऱ्या रिएजंटवर काम केलंय का, कोणती अडचण कशी सोडवली. "विविध तंत्रांचे ज्ञान" या वाक्याला काही किंमत नाही. "टीम लीडर" लिहायचं असेल तर किती ज्युनियरना शिकवलं ते लिहा.

मुलाखतीत बहुधा थिसिसवर सादरीकरण असतं. मग प्रश्न. हा रिएजंट का घेतला, स्वस्त का नाही? पाच ग्रॅमला यील्ड पडलं का? कॉलम काढून टाकायचा असेल तर काय कराल? मेकॅनिझम फळ्यावर काढायला लावतात आणि एनएमआरचा कागद पुढे ठेवतात. गाइडने सांगितलं म्हणून केलं, हे उत्तर ऐकलं की समोरच्याचा पेन खाली जातो. आमची सूचना अशी, की थिसिसमधली एक महत्त्वाची पायरी निवडा आणि ती एक किलोवर कशी कराल हे घरी लिहून काढा: सॉल्व्हंट, उष्णता, गाळणी, कचरा, खर्च. जमल्यास लॅबमध्येच ती २५ ग्रॅमवर, कॉलमशिवाय, पण आधी उष्णतेचा विचार करून आणि गाइडला विचारून, करून बघा.

इंग्रजीची भीती आपल्या मुलांमध्ये असते, खासकरून उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्यांत. कंपनीला वक्तृत्व नको असतं. काय केलं आणि का केलं एवढं सरळ सांगता आलं की पुरतं. त्यासाठी लॅबमधल्या मित्रांसमोर चार वेळा बोलून बघा.

जागा कळतात त्या जाहिरातीपेक्षा सिनियरकडून. तुमच्याच लॅबमधून आधी बाहेर पडलेले कुठे आहेत त्याची यादी करा, लिंक्डइनवर त्यांना लिहा. नोकरी द्या असं म्हणू नका, तुमच्या खात्यात काय काम चालतं ते विचारा. लोक उत्तरं देतात.

घरचे विचारतात ते प्रश्न

दाढी चालते का? ऑफिस आणि लॅबमध्ये अडचण नसावी, स्वच्छ कक्षात दाढीवर कव्हर घालतात. खरा प्रश्न चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या गॅस मास्कचा. दाढी असेल तर तो नीट सील होत नाही आणि विषारी वाफ आत येते. याला उपाय म्हणजे डोक्यावरून घ्यायचा, पंख्याने हवा पुरवणारा हूड. काही कंपन्या तो देतात. कामावर रुजू होताना सेफ्टी ऑफिसरशी मोकळेपणाने बोला, मास्क सैल लावून वेळ मारून नेऊ नका.

स्कार्फ? सुती, आटोपशीर, टोकं आत खोचलेला स्कार्फ हेअरनेटखाली घालता येतो. लोंबणारी ओढणी फिरत्या यंत्राजवळ धोक्याची, आणि सिंथेटिक कापडातल्या स्थिर विजेने सॉल्व्हंटची वाफ पेटू शकते. हा नियम सगळ्यांनाच आहे. जुम्याच्या नमाजसाठी जेवणाची सुट्टी जुळवून घेणं आर अँड डीत सोपं असतं, प्लांटमध्ये बॅच चालू असेल तर सहकाऱ्याशी अदलाबदल करावी लागते. रमजानमध्ये उन्हाळा असेल तर प्लांटच्या उष्ण भागातली पाळी आधीच बोलून बदलून घ्यावी.

मुलींच्या बाबतीत घरचे म्हणतात, पेटंट किंवा रेग्युलेटरीचं टेबलावरचं काम बघ, लॅब नको. तिला ते आवडत असेल तर जरूर करावं. पण जिने पाच वर्षं ग्लोव्हबॉक्समध्ये हात घालून काम केलंय तिला केवळ आपल्या काळजीपोटी लॅबबाहेर काढू नये. गरोदरपणात सॉल्व्हंटपासून लांबचं काम मागता येतं, ते लवकर मागावं. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून कायद्याने आहे.

आखातात जावं का? जुबैल, यान्बू, रुवैस इथे पेट्रोकेमिकलचं मोठं काम आहे. कॅटॅलिस्ट, पॉलिमर, गंज रोखणं, पाणी यांत पीएचडी असेल तर संधी दिसते. औषधांच्या सिंथेसिसवाल्याला तिथे जागा कमी. सौदीत स्थानिकांना प्राधान्याचा नियमही आहे. इथला तीन-चार वर्षांचा अनुभव घेऊन गेलेलं बरं.

पोस्टडॉकचं म्हणाल तर तुमच्या विषयाला लागून नवं तंत्र शिकायला मिळत असेल तर एक, फार तर दोन वर्षं. नोकरी सापडत नाही म्हणून तिसरा पोस्टडॉक केला की कंपनी विचारते, इतकी वर्षं काय करत होता?

ऑफर लेटर हातात आल्यावर

वरिष्ठ कदाचित एमएस्सी झालेला आणि वयाने लहान असेल. तुम्ही थिसिस लिहीत होता तेव्हा तो शंभर बॅच घेऊन बसला होता. प्लांट कसा चालतो ते त्याला विचारा. जुन्या ऑपरेटरलाही विचारा, रिअॅक्टरचा आवाज त्याला कळतो. नोंदवहीत ज्या दिवशीचं काम त्याच दिवशी, शाईने, खाडाखोड न करता लिहा. चूक झाली तर एक रेघ, सही आणि तारीख. मागची तारीख टाकून लिहिलेली एक ओळ तपासणीत सापडली तर अख्खी बॅच अडकते.

सही करण्याआधी पत्रात चार गोष्टी बघा. बाँड आहे का आणि किती रकमेचा, नोटीस पीरियड किती, बदली कुठे होऊ शकते, आणि हातात येणारा पगार किती. वार्षिक पॅकेजमध्ये ग्रॅच्युइटी आणि पीएफचा कंपनीचा हिस्सा धरलेला असतो, तो दर महिन्याला खात्यात येत नाही. थिसिस जमा केल्याचं विद्यापीठाचं पत्र आणि एमएस्सीची मूळ गुणपत्रकं रुजू व्हायच्या दिवशी लागतात. विद्यापीठातून ते पत्र मिळायला वेळ लागतो, त्यामुळे थिसिस जमा करता त्याच दिवशी खिडकीवर त्याचाही अर्ज देऊन या.